पाचशे किलो सोलां
सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या ८८ खाणींच्या लीज रद्द केल्या आणि १६ मार्च २०१८ पासून आमच्या डिचोली भागातले खाणीवरचे ट्रक दारोदार उभे राहिले. आमचाही. ह्यांनी दोन वर्षं वाट पाहिली, मग मिळेल त्या भावाला विकला. घरात चालू राहिलं ते सासूबाईंचं काम: भिरंडांची (कोकमाच्या फळांची) सोलां म्हणजे वाळवलेल्या साली, आगळ म्हणजे त्याच फळांचा खारवलेला रस, आणि फणसाची साटं म्हणजे वाळवलेल्या पोळ्या. पुण्या-मुंबईचे नातेवाईक व्हॉट्सॲपवर मागायचे, मी वहीत लिहायची. एकदा एकाच गृहस्थांना दोनदा पार्सल गेलं आणि दुसऱ्या एकांना गेलंच नाही, तेव्हा वेबसाइट करायचं ठरवलं.

पहिली साइट मी केली नाही. एकाला पंधरा हजार मोजले. त्याने वर समुद्र, माड आणि पिवळी छत्री लावून दिली. आमच्या गावातून समुद्र दिसायला दीड तास गाडीत बसावं लागतं, पण गोवा म्हटलं की तेच. त्याचंही काही नाही. वर्षाने डोमेनचे, म्हणजे साइटच्या नावाचे, पैसे भरायची वेळ आली तेव्हा कळलं की नाव त्याच्या खात्यावर घेतलेलं आहे. तो फोन उचलेना. ते नाव सोडून दिलं आणि नवं डॉट इन माझ्या स्वतःच्या ईमेलवर, माझ्या कार्डाने घेतलं. ह्या सगळ्यातून कुणी एकच गोष्ट उचलणार असेल तर ही उचला.

भाचा फर्मागुडीला इंजिनिअरिंगला होता. रविवारी यायचा, मासळीची कढी जेवायचा आणि मला एचटीएमएल, म्हणजे वेबपानं लिहायची भाषा, शिकवायचा. दोन महिने एक साधं पान: शीर्षक, परिच्छेद, फोटो, मग सीएसएसने, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेने, रंग नि अंतर. दुकान मात्र पुढे वर्डप्रेस ह्या साइटच्या तयार साच्यावर वूकॉमर्स हा दुकानाचा जोड घालूनच उभारलं. पैसे घेणारं पान हाताने लिहायची हौस करू नये. मग ते दोन महिने वाया गेले का? नाही, आणि ते लगेचच कळलं.

फुकट मिळालेली थीम, म्हणजे साइटचं तयार रूप, इंग्रजीसाठी केलेली होती. शीर्षकातली अक्षरं तिने ऐटीत लांब-लांब ठेवलेली. इंग्रजीत ते शोभतं. मराठीत 'घरगुती आगळ' लिहिलं तर शिरोरेघ तुकड्यातुकड्यांनी तुटली, दात पडल्यासारखी. सीएसएसमध्ये लेटर-स्पेसिंग शून्य केलं आणि रेघ जुळली. ओळी इतक्या जवळ होत्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारात घुसायचा, लाइन-हाइट १.२ ची १.७ केली. हे दोन आकडे बदलायला मला अर्धा दिवस लागला, पण कुणाला फोन करावा लागला नाही.

मग शब्दांचा घोळ. आमच्याकडे ओलं फळ ते भिरंड, वाळवलेली साल ती सोलां. मी तेच लिहिलं. नागपूरच्या एका बाईंनी विचारलं, "सोले म्हणजे हिरवा हरभराच ना?" पुण्याची माणसं आमसूल शोधतात, मुंबईची कोकम. आता पानाचं नाव 'सोलां (आमसूल, कोकम)' असं आहे. सासूबाईंना पटलेलं नाही. त्यांच्या मते आमसूल म्हणणाऱ्याला आमटीतलं काही कळत नाही.

सगळ्यात फजिती झाली ती वजनाने. अर्धा किलोची पिशवी, म्हणून वजनाच्या चौकटीत मी ५०० लिहिलं. चौकट किलोची होती. पुण्याच्या पहिल्या गिऱ्हाइकाला अर्धा किलो सोलांवर पोचवायचा खर्च दिसला बावीस हजारांच्या वर. त्यांनी स्क्रीनशॉट पाठवून विचारलं, "ट्रकने पाठवताय का?" ह्यांनी तो वाचला आणि बऱ्याच दिवसांनी मोठ्याने हसले.

ऑनलाइन पैसे घेऊन देणाऱ्या कंपनीकडून परवानगी मिळवायला आठवडा गेला. परतावा, पोचवणी, गोपनीयता, संपर्क अशी वेगवेगळी पानं असल्याशिवाय ती मंडळी खातं सुरू करत नाहीत. तळाला अन्न परवान्याचा चौदा आकडी नंबर टाकला. जीएसटीचं मात्र आधी कुणीच बोललं नव्हतं. इथून दोडामार्ग हाकेवर, पण तिथे महाराष्ट्र. करपात्र माल राज्याबाहेर विकायचा तर उलाढाल कितीही लहान असो, नोंदणी लागते. गोव्यासारख्या एवढ्याशा राज्यात बसून ऑनलाइन विकणाऱ्याला पहिल्याच पार्सलपासून हे आलं.

साइट मला सुंदर दिसत होती, कारण मी ती लॅपटॉपवर बघत होते. भाचा दर रविवारी सांगायचा, "मामी, पयलीं मोबायलार पळय," म्हणजे आधी मोबाइलवर बघ. मी हो म्हणायची. चवथीला नणंद आली, तिच्या हातात तिचाच फोन दिला आणि म्हटलं, "वन्सं, यावरून अर्धा किलो सोलां मागवून दाखवा." आणि मी गप्प बसायचं ठरवलं. ते फार कठीण गेलं. वन्संनी फोनवर अक्षर मोठं करून ठेवलेलं, त्यामुळे माझं बटण दोन ओळींत मोडून अर्धं दिसेनासं झालं होतं. वन्सं फोटोवरच बोट मारत राहिल्या. फोटोला मी लिंकच दिली नव्हती. मग खाली खाली गेल्या, सोलकढीची अख्खी कृती वाचली, आणि शेवटी फिकट हिरवं बटण सापडल्यावर विचारलं, "कार्टमध्ये जोडा म्हणजे गं काय?"

त्या रात्री मोदकांची भांडी घासून झाल्यावर बसले. बटण किंमतीच्या लगेच खाली आणलं, रंग गडद जांभळा केला, अगदी आगळाचा. त्यावर लिहिलं, 'पिशवीत टाका'. फोटोला लिंक दिली. फोटो पाच-पाच एमबीचे तसेच चढवलेले होते. रुंदी बाराशे पिक्सेल करून वेबपी ह्या हलक्या प्रकारात बदलले, तर दीडशे केबीच्या आत आले. दुसऱ्या दिवशी वन्संनी चार मिनिटांत ऑर्डर केली आणि पैसे भरायच्या पानावर थांबून म्हणाल्या, "घरच्यांकडूनही घेणार का गं?"

आता महिन्याला तीस-चाळीस पार्सलं जातात. ट्रकची बरोबरी नाही. मे महिन्यात उन्हात वाळवलेला माल दिवाळीपर्यंत पुरत नाही, आणि शिल्लक किती हे साइटला सासूबाईंशिवाय कोण सांगणार? परवा त्यांनी माजघरातून हाक मारली, "बरणी रिती जाली गो!" मी फोनवरूनच सोलांच्या पुढचा आकडा शून्य केला आणि खाली लिहिलं: पुढची सोलां मे अखेरीस, ऊन पडलं तर.