आजोबांच्या रेडिओतला डायोड आणि माझा ओव्हरड्राइव्ह

गेल्या तीन रविवारांत माझ्या गिटारच्या ओव्हरड्राइव्ह पेडलचे (गिटारचा आवाज मुद्दाम फोडणारी पायाखालची डबी) डायोड पाच वेळा बदलून झालेत, घरात सोल्डरचा वास मुरलाय, पण आता आवाज असा आलाय की लिहिल्याशिवाय राहवत नाही.

पेडल म्हणजे ट्यूब स्क्रीमर या प्रसिद्ध पेडलच्या सर्किटवर बनवलेलं, सेकंड हँड घेतलेलं. माझं दुखणं एकच होतं, ड्राइव्हचा नॉब पूर्ण शून्यावर ठेवला तरी आवाज फुटलेलाच. हळू वाजवा, जोरात वाजवा, तेवढाच आणि तसाच. मला हवं होतं की हलक्या हाताने वाजवलं की स्वच्छ आणि जरा जोर दिला की मग फुटावं. नौपाड्यातल्या जुन्या बिल्डिंगमध्ये राहतो, भिंतीला भिंत लागून शेजारी, ॲम्प जोरात लावून त्याचा आवाज फोडायची सोयच नाही, त्यामुळे जे काही व्हायचं ते पेडलमध्येच व्हायला हवं.

मग कागद घेऊन बसलो. ऑप-ॲम्पच्या (सिग्नल मोठा करणारी चिप) फीडबॅकमध्ये, म्हणजे आउटपुट परत इनपुटकडे नेणाऱ्या वाटेत, ५१ किलोओहमचा रेझिस्टर, त्याच्यापुढे ५०० किलोओहमचा ड्राइव्हचा पॉट (नॉबने बदलणारा रेझिस्टर), आणि ग्राउंडकडे जाणारा ४.७ किलोओहम. डायोडही त्याच वाटेत. नॉब शून्यावर असताना गेन (सिग्नल किती पट होतो ते) म्हणजे ५१ भागिले ४.७ अधिक १, जवळजवळ १२ पट. हा सगळ्यात कमी हं! माझी गिटार सिंगल कॉइलच्या पिकअपची, बऱ्यापैकी जोरात वाजवली की १०० मिलिव्होल्ट सहज येतात, त्याचे झाले १.२ व्होल्ट, आणि सिलिकॉन डायोड तर ०.६ च्या आसपासच वाहायला लागतो, म्हणजे करंट सोडतो आणि लाटेचं टोक तिथेच कापतो. मग नॉब शून्यावर असून काय उपयोग, सिग्नल आधीच कापला जातोय. (खर्जाला मात्र एवढा गेन मिळत नाही, त्या ४.७ किलोओहमसोबत ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे, त्यामुळे ७२० हर्ट्झच्या खाली गेन उतरत जातो, या पेडलचा तो नाकातून आल्यासारखा मधला आवाज बऱ्याच अंशी तिथूनच येतो.)

म्हणजे उत्तर डायोडमध्येच होतं. लाल एलईडी १.७ व्होल्टच्या आसपास वाहतो, तोही डायोडच आहे शेवटी. १.२ व्होल्ट त्याच्या खालीच राहतात, म्हणजे तेवढ्या जोरापर्यंत स्वच्छ. दोन दोन एलईडी सिरीजमध्ये टाकायच्या भानगडीत मात्र पडू नका, ९ व्होल्टवर ऑप-ॲम्पलाच तेवढी जागा नसते, डायोडच्या आधी तोच कापायला लागतो.

लोकलने दादर, तिथून गाडी बदलून ग्रँट रोड, लॅमिंग्टन रोडवरून एलईडी, टॉगल स्विच आणि मशीन पिनची सॉकेट पट्टी (हिच्यात डायोड सोल्डर न करता नुसते खोचता येतात) आणली. सॉकेट आधी का घेतलं नाही याचं मला आजही वाईट वाटतं, कारण पहिल्या रविवारी मी डायोड थेट बोर्डावरच काढले-लावले आणि तिसऱ्या वेळेला सोल्डरिंग आयर्न जरा जास्त वेळ टेकला तर पॅडच उचलला गेला, तांब्याची ती चिमुकली टिकली डायोडच्या पायाला चिकटून वर आली. दिवसभराचं काम थांबलं. शेवटी रेझिस्टरच्या तुटलेल्या पायाचा तुकडा जम्पर म्हणून टाकला, मल्टीमीटरने बीप दिला तेव्हा जीव भांड्यात पडला. तुम्ही करणार असाल तर आधी सॉकेट बसवा आणि मगच प्रयोग करा.

आता जर्मेनियमचे डायोड. जो तो सांगतो जर्मेनियम टाक, मऊ होईल. माझ्या मते हे अर्धवट आहे. रॅट किंवा डिस्टॉर्शन प्लस या पेडल्समध्ये डायोड ऑप-ॲम्पच्या नंतर ग्राउंडला लावलेत, तिथे सिग्नल थेट छाटला जातो. इथे ते फीडबॅकमध्ये आहेत, डायोड पूर्ण वाहिले तरी गेन एकच्या खाली जात नाही, मूळ सिग्नल वर तरंगत राहतो, म्हणजे हे सर्किट मुळातच मऊ आहे. जर्मेनियम ०.३ च्या आसपास वाहतो म्हणून आवाज अजून दबतो आणि अजून लवकर फुटतो, आणि मला नेमकं त्याच्या उलटं हवं होतं.

पण आजोबांचा बंद पडलेला रेडिओ माळ्यावर होता, त्यावर ते सकाळच्या बातम्या ऐकायचे. बाबांना विचारलं, ते म्हणाले, "काढ, वाजेल तरी कशात तरी." डिटेक्टरचा काचेचा एकच जर्मेनियम डायोड निघाला, मल्टीमीटरवर ०.२९. एकच आहे म्हटल्यावर एका बाजूला तो आणि उलट्या बाजूला सिलिकॉन लावला. वरची लाट लवकर कापली जाते, खालची उशिरा, त्यामुळे सम हार्मोनिक्स (मूळ सुराच्या दुप्पट, चौपट कंपनांचे सूर) येतात. बॉस कंपनीने १९७७ च्या ओडी-१ आणि १९८१ च्या एसडी-१ या पेडल्समध्ये दोन्ही बाजू अशाच असमान ठेवल्या होत्या, फक्त तिथे एका बाजूला दोन डायोड आणि दुसऱ्या बाजूला एक. आवाज भरदार येतो, सोलोला फार छान.

टॉगलवर डावीकडे एलईडी, उजवीकडे आजोबांचा डायोड, आणि मध्ये काहीच नाही, फक्त ऑप-ॲम्प. बहिणीला स्विचवर बसवलं आणि मी पाठ करून वाजवलं. पहिल्या फेरीत मला मधला सगळ्यात भारी वाटला. ती म्हणाली, "दादा, मधला नुसता मोठा आहे, बाकी काय?" बरोबर होतं तिचं, डायोड बदलला की आधी व्हॉल्यूम बदलतो आणि कानाला मोठं तेच चांगलं वाटतं. मग प्रत्येक वेळी लेव्हलचा नॉब फिरवून तिन्ही सारखे केले आणि तेव्हा खरा फरक कळला. जर्मेनियमवर सूर लांबत राहतो पण पिकचा घाव पुसला जातो, एलईडीवर तो घाव जसाच्या तसा ऐकू येतो, बोट हलकं केलं की लगेच स्वच्छ.

काल रात्री खिडकीवर पाऊस आपटत होता, बाहेरचं काही ऐकू येत नव्हतं, ॲम्प अगदी बारीक, टॉगल डावीकडे, ड्राइव्ह शून्यावर, आणि मी एकच कॉर्ड कधी हळू कधी जोरात असा तासभर वाजवत बसलो.