मुखपृष्ठाच्या कोपऱ्यातला पेन्सिलीचा आकडा

माझ्याकडच्या 'ईगल' या मुलांसाठीच्या जुन्या ब्रिटिश चित्रकथा-साप्ताहिकाच्या एका अंकाच्या मुखपृष्ठावर, वरच्या कोपऱ्यात, पेन्सिलीने '४७' असा आकडा लिहिलेला आहे. पेपर टाकणाऱ्या पोराच्या हाती अंक देण्यापूर्वी दुकानदार त्यावर गिऱ्हाइकाच्या घराचा क्रमांक असा लिहून ठेवत असे. चोखंदळ संग्राहक त्याला डाग मानतात आणि त्याने अंकाची किंमतही उतरते. मला मात्र कोऱ्या अंकापेक्षा असाच अंक अधिक आवडतो, आणि त्यात खिशालाही दिलासा मिळतो, हे कबूल केले पाहिजे.

'ईगल'चा पहिला अंक १४ एप्रिल १९५० रोजी निघाला. मार्कस मॉरिस हे पेशाने पाद्री. अमेरिकेतून येणाऱ्या रक्तरंजित चित्रकथांवर उतारा म्हणून त्यांनी चित्रकार फ्रँक हॅम्पसन यांच्या साथीने हे साप्ताहिक उभे केले. अंकाची छपाई लिव्हरपूलला फोटोग्रॅव्ह्युअर पद्धतीने होत असे. या पद्धतीत शाई खोलगट खळग्यांतून कागदावर उतरते, त्यामुळे रंगांना जो भरीवपणा येतो तो त्या काळच्या इतर साप्ताहिकांत क्वचितच दिसतो. डाव्या कोपऱ्यातल्या लाल चौकटीतला गरुड आजही दुरून ओळखू येतो.

या मुखपृष्ठाची खरी गंमत अशी की, ते मुखपृष्ठ नसून गोष्टीचे पहिले पान असते. डॅन डेअरची अंतराळकथा थेट गरुडाच्या शेजारी सुरू होते आणि पान उलटल्यावर पुढे जाते. अमेरिकन चित्रकथेचे मुखपृष्ठ दुकानाच्या पाटीसारखे, आत काय आहे एवढेच सांगणारे; इथे मात्र उंबरठ्यावरच गोष्ट गाठते. परिणामी, केवळ चित्रासाठी एक सुटा अंक घेणारा माणूस पुढच्या आठवड्याच्या अंकासाठी जुन्या बाजारात वणवण करू लागतो. माझे तेच झाले.

हॅम्पसन यांची कामाची पद्धत कमालीची कष्टाची होती. अंतराळयानांच्या प्रतिकृती तयार करायच्या, सहकाऱ्यांना वेशभूषा करून उभे करायचे, त्यांची छायाचित्रे घ्यायची आणि त्यांवरून चित्रे काढायची, असा त्यांचा खाक्या होता. डॅन डेअरच्या कथेतल्या सर ह्यूबर्ट गेस्ट या पात्रासाठी तर त्यांनी स्वतःच्या वडिलांनाच उभे केले होते. मुखपृष्ठ भिंगाखाली धरले की अंगरख्याच्या चुण्यांत आणि चेहऱ्यावर पडलेल्या प्रकाशात ही मेहनत दिसते.

'डँडी' (१९३७) आणि 'बीनो' (१९३८) या डी. सी. थॉमसन या प्रकाशनसंस्थेच्या साप्ताहिकांची गोष्ट वेगळी. ('डँडी' निघत असे स्कॉटलंडमधल्या डंडी शहरातून, मराठीत लिहिताना एक चंद्र चुकला तरी घोटाळा व्हावा.) 'बीनो'च्या पहिल्या मुखपृष्ठावर बिग एगो नावाचा शहामृग होता आणि त्याची पूर्ण गोष्ट त्याच पानावर संपत असे. युद्धकाळात कागदाच्या टंचाईमुळे ही दोन्ही साप्ताहिके आठवड्याआड निघू लागली आणि मुलांनी घरातली रद्दी युद्धकार्यासाठी देऊन टाकली. सुरुवातीचे अंक आज इतके दुर्मीळ असण्यामागे हेही एक कारण आहे. पहिल्या अंकाचा लिलाव मी लांबूनच पाहतो.

गेल्या वर्षी एका विक्रेत्याकडून 'संपूर्ण' म्हणून घेतलेल्या 'ईगल'च्या अंकाची मधली पाने गायब निघाली. मधल्या पानांवर यंत्रांचे अंतरंग उलगडून दाखवणारे मोठे रंगीत चित्र असे. पहिल्या अंकात ते रेल्वे इंजिनाचे होते. मुखपृष्ठ मात्र निर्दोष होते, घडीचीही खूण नव्हती. आधी संताप आला, मग लक्षात आले की पाने फाडलेली नसून कात्रीने, अगदी सरळ रेषेत, जपून कापलेली आहेत. कुण्या मुलाने ते चित्र पलंगाशेजारच्या भिंतीवर लावले असावे. मी पैसे परत मागितले नाहीत.