अठरा दुणे छत्तीस

लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये दर डिसेंबरात जागतिक डार्ट्स अजिंक्यपद स्पर्धा भरते. त्या स्पर्धेच्या दूरचित्रवाणी प्रक्षेपणात मी कॅमेरा सांभाळण्याचे काम करत आले आहे. माझ्या वाट्याला जो कॅमेरा येतो, त्यातून खेळाडू दिसत नाही, प्रेक्षक दिसत नाहीत, मंचही दिसत नाही. दिसतो तो केवळ डार्टबोर्ड, आणि तोही बहुतेक वेळा पूर्ण नव्हे. घरच्या पडद्याच्या एका अर्ध्या भागात खेळाडूचा चेहरा आणि दुसऱ्या अर्ध्या भागात बोर्डाचा एखादा कोपरा आपण पाहतो, त्यातला तो कोपरा धरणे हे माझे काम.

बोर्डाचा व्यास साधारण ४५ सेंटिमीटर असतो आणि दुप्पट किंवा तिप्पट गुण देणाऱ्या कड्यांची रुंदी जेमतेम आठ मिलिमीटर. खेळाडू २.३७ मीटरवरून डार्ट फेकतो. एकदा हातातून सुटलेल्या डार्टचा पाठलाग कोणत्याही कॅमेऱ्याला करता येत नाही, त्यामुळे तो जिथे लागणार तिथे आपल्याला त्याच्या आधी जाऊन थांबावे लागते. यासाठी शेजारी एक जाणकार बसलेला असतो. त्याला ‘स्पॉटर’ म्हणतात. उरलेल्या गुणांवरून आणि खेळाडूच्या सवयीवरून पुढचा डार्ट कुठे जाईल हे तो ओळखतो आणि एका शब्दात मला सांगतो. १९८३ साली अंतिम सामन्यात एरिक ब्रिस्टोला हरवून जगज्जेते झालेले कीथ डेलर पुढे कित्येक वर्षे हेच काम करत होते, यावरून ते किती जोखमीचे आहे हे लक्षात यावे.

डार्ट्सचा हिशोब मला जड गेला नाही, याचे श्रेय सांगलीच्या आमच्या आजोबांना आहे. संध्याकाळी दिवेलागणीला परवचा म्हणवून घेताना त्यांनी आम्हां भावंडांकडून तिसांपर्यंतचे पाढे घोकून घेतले होते. ५०१ वरून उतरत शून्यावर यायचे आणि शेवटचा डार्ट दुपटीच्या कड्यात किंवा बोर्डाच्या मध्यबिंदूतच मारायचा, हा या खेळाचा नियम. वीस त्रिक साठ, एकोणीस त्रिक सत्तावन्न, अठरा त्रिक चोपन्न हे मी आजही मराठीतच म्हणते. स्पॉटर इंग्रजीत आकडा उच्चारतो आणि माझ्या मनात पाढ्याची ओळ उमटते.

पाढे येत असूनही पहिल्याच वर्षी माझ्या हातून एक मोठी चूक झाली. एका खेळाडूचे १२१ उरले होते. अशा वेळी पुष्कळ जण तिप्पट विसाने सुरुवात करतात. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी मात्र ‘मध्य’ असे स्पष्ट सांगितले होते, आणि मी ऐकूनही विसावरच थांबले, कारण त्यावर माझा विश्वास बसला नाही. खेळाडूने पहिला डार्ट मध्याभोवतीच्या पंचविसाच्या वर्तुळात मारला आणि ९६ उरले. मी घाईने मध्याकडे वळले तोवर दुसरा डार्ट तिप्पट विसात जाऊन बसला, मी वर गेले तोवर तिसऱ्याने दुप्पट अठराचा वेध घेतला. तीन डार्टांपैकी एकही माझ्या चौकटीत सापडला नाही. हेडफोनमध्ये दिग्दर्शक एक अक्षरही बोलला नाही, आणि ती शांतता मला कोणत्याही बोलण्याहून अधिक लागली. दुसऱ्या दिवशी मी एक वही घेतली आणि प्रत्येक खेळाडूच्या सवयी तिच्यात टिपू लागले: कोण कोणत्या आकड्यावर कुठून सुरुवात करतो, वीसची वाट आधीच्या डार्टांनी अडली की कोण एकोणिसाकडे वळतो, कोणाला दुप्पट सोळा प्रिय आहे आणि कोणाला दुप्पट वीस.

मंगळवार, १७ डिसेंबर २०१९ च्या संध्याकाळी त्या वहीतले फॅलन शेरॉकचे पान जवळजवळ कोरे होते. तिने २०१५ मध्ये महिलांच्या जागतिक स्पर्धेची अंतिम फेरी गाठली होती, पण महिलांचे सामने त्या काळी पडद्यावर इतके कमी दिसत, की तिच्या खेळाचा अभ्यास करायला माझ्याकडे पुरेसे काही नव्हते. मला याची तेव्हाही खंत वाटली होती आणि आजही वाटते. ९६ खेळाडूंच्या त्या स्पर्धेत महिलांसाठी पात्रता फेरीतून दोन जागा होत्या. कॅनडाच्या गेल किंग यांनी २००१ मध्ये या स्पर्धेत उतरणारी पहिली स्त्री म्हणून पाऊल ठेवले, त्यानंतर आणखी काही जणी आल्या, पण सामना एकीलाही जिंकता आला नव्हता. शेरॉकसमोर होता टेड एव्हेट्स, वयाने तिच्याहूनही लहान आणि नेमबाजीत पक्का.

सामना पाच सेटांचा होता आणि दोन-दोन अशा बरोबरीवर आला. सभागृहात लांबलचक बाकांवर दाटीवाटीने बसलेले, नाना तऱ्हेची सोंगे घेऊन आलेले प्रेक्षक तोवर उभे राहिले होते. एव्हेट्स दुपटीच्या कड्यासमोर आला की त्याची हुर्यो उडवली जाई. तो काही अपराधी नव्हता. आपले काम नेकीने करणारा तरुण होता, आणि त्या गदारोळात त्याने जे डार्ट मारले त्यांचे मोल मला ठाऊक आहे, कारण ते सगळे मी आठ मिलिमीटरच्या अंतरावरून पाहत होते. शेरॉकच्या प्रत्येक डार्टला मात्र पाय आपटले जात. ती थरथर जमिनीतून कॅमेऱ्याच्या तिपाईत चढत असे आणि एवढ्या लांब पल्ल्याच्या लेन्सला केसाइतका हादराही पुरतो, त्यामुळे मी हँडलवरची पकड सैल केली आणि श्वास आवरून धरायला शिकले.

आमच्या कॅमेऱ्यांच्या ताफ्यात त्या रात्री मी एकटीच स्त्री होते. मला काय वाटत होते हे लपवण्यात अर्थ नाही; ती जिंकावी असे मला फार वाटत होते. पण लेन्सला कोणाची बाजू घेता येत नाही, म्हणून एव्हेट्सचे आकडेही मी तितक्याच निगुतीने धरत होते.

मग तिचे ३६ उरले. शेजारच्या गृहस्थांनी ‘दुप्पट अठरा’ म्हटले आणि माझ्या ओठांवर आले, अठरा दुणे छत्तीस. बोर्डाच्या उजव्या वरच्या बाजूला, एक आणि चार यांच्या मधोमध अठराचे काळे घर आहे आणि त्याच्या टोकाला दुपटीची लाल पट्टी. डार्ट थोडा आत राहिला तर साधे अठरा मिळतात आणि दुप्पट नऊ उरतो. डावीकडे एकच्या घरात सरकला तर पस्तीस उरून सम-विषमाचा सगळा मेळ बिघडतो. लेन्समधून त्या पट्टीचे तंतू वेगवेगळे दिसत होते, आधीच्या डार्टांची बारीक भोके दिसत होती, दोन बाजूंच्या तारांवर मंचावरचा उजेड चमकत होता. एवढा एकच लाल तुकडा माझे जग होता.

डार्ट त्या लाल पट्टीत येऊन बसला. माझ्या चौकटीत एवढेच घडले. आवाज मात्र असा उठला, की हेडफोनमध्ये दिग्दर्शक काय सांगतो आहे ते ऐकूच येईना. सूचना येईपर्यंत कॅमेरा सोडायचा नसतो, म्हणून मी त्या डार्टवरच थांबले. पलीकडे ती काय करते आहे, रडते की हसते, मला काहीच कळले नाही. शेजारच्या गृहस्थांनी कानावरचा हेडफोन काढून मांडीवर ठेवला होता आणि ते उभे राहून टाळ्या वाजवत होते.

चार दिवसांनी तिने अकराव्या मानांकित मेन्सूर सुल्योविचलाही हरवले आणि २७ तारखेला ख्रिस डोबीकडून ती हरली. माझ्या वहीतले तिचे पान तोवर दोन्ही बाजूंनी भरले होते.

याच वास्तूतून २ नोव्हेंबर १९३६ रोजी बीबीसीने आपली नियमित दूरचित्रवाणी सेवा सुरू केली होती. शेरॉकने एव्हेट्सला हरवले त्या रात्री तारा गुंडाळून झाल्यावर कर्मचाऱ्यांच्या उपाहारगृहात चहा घ्यायला गेले, तेव्हा भिंतीवरच्या संचावर सामन्याचा शेवट पुन्हा दाखवत होते. तिचा त्या क्षणीचा चेहरा मी तिथे पहिल्यांदा पाहिला, एका बाजूला. दुसऱ्या बाजूला माझी लाल पट्टी होती, आणि चौकट हलली नव्हती.