पाचगणीचा फारोख

आज पसरणी घाट चढताना लेकीने गाडीत क्वीन या रॉक बँडचं गाणं लावलं. दोनदा पाय आपटायचे, एक टाळी. मागच्या सीटवर आईसुद्धा मांडीवर ठेका धरून बसली होती!

पाचगणीत सेंट पीटर्स शाळेच्या फाटकाशी थांबलो. झांझिबारहून आलेला फारोख बुलसारा नावाचा पारशी मुलगा इथल्या वसतिगृहात वाढला, पियानो शिकला, शाळेतल्या मित्रांच्या 'द हेक्टिक्स' बँडमध्ये वाजवू लागला. पुढे तो क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी झाला. सिल्व्हर ओकची ओली पानं चपलेला चिकटत होती आणि मला एकदम भरून आलं.

क्वीन १९७० मध्ये लंडनला सुरू झाला. गाणी बँडमधले चौघंही लिहायचे, त्यामुळे तो एकट्या फ्रेडीचा बँड कधीच नव्हता, असं मला मनापासून वाटतं. गिटारवादक ब्रायन मेने तर आपली गिटार वडिलांबरोबर घरीच बनवली, जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडातून. आजही तो तीच वाजवतो! १९८५ च्या लाइव्ह एड या मदतनिधीच्या मैफलीतली त्यांची वीसेक मिनिटं मी किती वेळा पाहिली असतील, मोजदाद नाही.

फ्रेडी १९९१ मध्ये गेला. लेकीचा जन्म २०१२ चा, आणि तिला सगळे शब्द पाठ. उतरताना वाईपर्यंत आम्ही तिघी गातच होतो.