खाली काही लिहिलेलं नाही

पुण्यात वाढलेला माणूस भिंत बघत नाही, वाचतो. गाडी लावू नये, बेल एकदाच वाजवावी, थुंकू नये, जाहिराती चिकटवणाऱ्यावर कारवाई होईल. त्यामुळे गेल्या महिन्यात नारायण पेठेतल्या आमच्या बोळाच्या तोंडाशी एक भिंत रंगली आणि तिच्यावर एक अक्षरही नाही म्हटल्यावर सगळ्यांची पंचाईत झाली. नुसती मुलगी. माणसाच्या दीडपट उंच, डोळे अर्धे मिटलेले, डोक्यावर मांजराचे कान आणि वेणीत अबोली.

रंगवणारी पोरगी पंचविशीची असेल. सलग तीन दिवस शिडीवर. पहिल्याच दिवशी समोरच्या काकांनी खालून विचारलं, "जाहिरात कशाची?"

"कशाचीच नाही."

"मग खाली काय लिहिणार?"

"काहीच नाही, काका."

काका घरात गेले. ही हार होती, हे बोळात सगळ्यांना कळलं.

मी चहा घेऊन गेले, तेव्हा तिने फोनवर मिस व्हॅन या फ्रेंच चित्रकर्तीची चित्रं दाखवली. ग्राफिटी म्हणजे मुळात नाव लिहिणं. लेडी पिंक नावाची मुलगी १९७९ पासून न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेच्या डब्यांवर आपलं नाव लिहायची, तेही मुलांच्या टोळक्यात घुसून. नव्वदच्या दशकात फ्रान्समधल्या तुलूझ शहरात मिस व्हॅनने नावाच्या जागी चेहराच काढायला घेतला. जाड पापण्यांच्या, फुगलेल्या ओठांच्या बाहुल्या, आणि त्याही स्प्रेने नाही, ब्रश आणि अॅक्रिलिकने. त्याच शहरात फाफी नावाची दुसरी एक मुलगी 'फाफिनेट' नावाच्या आपल्या पोरी रंगवत होती. या बाहुल्या फार मादक आहेत म्हणून मिस व्हॅनवर स्त्रीवादीही चिडले. (काकांना हे सांगायचा मोह मी आवरला.)

मला त्यातलं ब्रशचं पटलं. स्प्रे मारून पळता येतं. ब्रशने रंगवायचं तर उभं राहावं लागतं, येणाऱ्याजाणाऱ्याला उत्तरं द्यावी लागतात.

तसे चेहरे आपल्या भिंतींना नवे नाहीत. कसब्यात चित्रकार हर्षवर्धन कदम आणि मंडळींनी भिंती रंगवल्या त्याला बरीच वर्षं झाली. आणि जिन्याच्या कोपऱ्यातल्या त्या देवांच्या फरशा? गणपती, साईबाबा, शेजारी येशू, कुणी थुंकू नये म्हणून ओळीने बसवलेले. 'थुंकू नये' हे वाचूनही थुंकणारा डोळे दिसले की थबकतो. पण देवांना निदान नोकरी असते. या मुलीला ती नव्हती, आणि खरी अडचण तीच होती. काम न करता भिंतीवर नुसती उभी राहिलेली बाई आपल्याला सहन होत नाही, मग ती रंगाची का असेना.

तरी आठवडाभरात तिला काम लागलंच. कुरियरवाला फोनवर "मांजरीपाशी आलोय" म्हणू लागला. भाजीवाल्या मावशी सकाळी हातगाडी तिच्या पायाशी लावतात, "पोरगी सोबतीला असते" म्हणून. शेजारचा पिंट्या शाळेत जाताना तिला टाटा करतो.

परवा रात्री कुणीतरी तिच्या पुढ्यात मोटार लावून गेलं. सकाळी भिंतीवर, तिच्या झग्याच्या कडेला अजिबात धक्का न लावता, एक छोटी पाटी होती: 'हिच्यासमोर गाडी लावू नये.'

अक्षर काकांचं. शुद्धलेखन निर्दोष.