सहा गाड्या दगड

कॅन्ससमध्ये राहायला येऊन आम्हाला सहा वर्षे झाली. तेवढ्या काळात डेन्व्हरला जाताना इंटरस्टेट ७० महामार्गावरून एका चर्चचे ते दोन मनोरे मी निदान आठ वेळा पाहिले असतील. परंतु दर वेळी ‘येताना थांबू’ असे म्हणून आम्ही पुढे गेलो आणि येताना अंधार पडलेला असे. या खेपेला मात्र मी हट्टाने गाडी व्हिक्टोरिया गावाकडे वळवायला लावली.

गावाची वस्ती हजार-बाराशे, आणि सेंट फिडेलिस चर्चमध्ये बसण्याची सोय अकराशे जणांची! १९१२ मध्ये विल्यम जेनिंग्ज ब्रायन या राजकारण्याने याला ‘कॅथीड्रल ऑफ द प्लेन्स’ म्हटले आणि तेच नाव रूढ झाले. वास्तविक इथे बिशपची गादी नाही, त्यामुळे हे कॅथीड्रल नव्हेच. १४१ फुटांचे मनोरे जवळून टिपायला जावे तर ते मागे कलंडल्यासारखे दिसतात आणि दूर जावे तर विजेच्या तारा आडव्या येतात. त्यात कॅन्ससचा वारा ट्रायपॉड स्थिर राहू देत नाही. आमचे सिन्नरचे गोंदेश्वर मंदिर यादवकालीन, त्यापुढे १९११ साली पूर्ण झालेले हे चर्च म्हणजे कालचे पोर, असे मी नवऱ्याला दोनदा ऐकवले.

पण दगडाची हकीकत कळली आणि माझा सूर उतरला. १८७६ मध्ये रशियातील व्होल्गाकाठाहून आलेल्या जर्मन शेतकऱ्यांनी हे चर्च उभारले. बारा वर्षांवरील प्रत्येकाने ४५ डॉलर वर्गणी द्यायची आणि खाणीतून सहा गाड्या दगड वाहून आणायचा, असा दंडक होता. घरात अशी सात माणसे असली की बेचाळीस गाड्या! या माळावर झाडे इतकी कमी की शेताच्या कुंपणाचे खांबसुद्धा इथे चुनखडकाचे असत. खाणीतून निघताना हा दगड मऊ असतो आणि हवा लागली की टणक होतो.

दार उघडेच होते. आत फुले बदलणाऱ्या आजीबाईंना मी चाचरतच फोटोबद्दल विचारले, कारण आपल्याकडे एका प्राचीन मंदिरात ट्रायपॉड उघडताच रखवालदाराने फुंकलेली शिट्टी माझ्या कानात अजून आहे. (रखवालदाराचेही चुकले असे नाही, तिथल्या गर्दीत प्रत्येकाने ट्रायपॉड मांडला तर दर्शन कोणी घ्यायचे? इथे तासाभरात आम्ही धरून तीन माणसे.) आजीबाई काही न बोलता गेल्या आणि त्यांनी माझ्यासाठी सगळे दिवे लावले. “माझ्या आजोबांच्या सहा गाड्या यातच कुठेतरी आहेत,” त्या म्हणाल्या. कुठे, ते त्यांना ठाऊक नव्हते आणि त्याचे त्यांना काही वाटतही नव्हते.

आमच्या गावच्या देवळात फरशीगणिक नाव आहे. पायरी चढायची तर कोणाच्या तरी कैलासवासी वडिलांवर पाय द्यावा लागतो. यावर मी पूर्वी पुष्कळ हसले आहे. तरीही माझ्या आजोबांच्या स्मरणार्थ बसवलेली फरशी तिथे आहे, आणि भारतात गेले की मी आधी तीच शोधते. निनावी सहा गाड्यांपेक्षा ती कमी प्रतीची भक्ती आहे, असे मला अजूनही वाटत नाही.

दिव्यांनी खरे तर फोटो बिघडले. रंगीत काचा त्या पिवळ्या उजेडात फिक्या पडल्या. पण आजीबाई कौतुकाने पाहत होत्या, म्हणून मी वीसेक फोटो काढले. मग त्यांनी एकेक बटण बंद करत दार गाठले, तसतसे काचांतले निळे-तांबडे ऊन ग्रॅनाइटच्या खांबांवर चढू लागले. माझा कॅमेरा तोवर पिशवीत गेला होता आणि बाहेर नवरा हॉर्न वाजवत होता.