कोकणकड्यावरून २० मीटर: नकाशा काय म्हणाला आणि हवेत काय झालं

पहिलं सांगतो, हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून २० मीटर बँडवर (साधारण २० मीटर तरंगलांबीवर) हौशी रेडिओ चालवायला जायचं असेल तर पाचनईनेच जा. खिरेश्वर-तोलार खिंड ट्रेक म्हणून झकास असेल, पण अँटेनाचा मास्ट, बॅटरी, कोॲक्स (अँटेनाची केबल) घेऊन तिकडून जाऊ नका. आमच्या ओळखीतल्या एका जुन्या हॅमने (हौशी रेडिओवाल्याने) "काही नाही हो, रेलिंग लावलीयेत आता" असं सांगितलं. रेलिंग आहेत, बरोबर आहे. पण १० मीटरचा फायबरग्लासचा टेलिस्कोपिक पोल, म्हणजे आमचा मास्ट, बंद केला तरी सव्वा मीटर राहतो, सॅकच्या वर हातभर बाहेर येतो आणि खिंडीनंतरच्या कातळटप्प्यावर तुम्ही वर बघायला मान वळवली की तो दगडावर आपटतो आणि तुम्हाला मागे ढकलतो. दोन्ही हात रेलिंगला, खाली बघायचं नाही, आणि मागून शनिवारची गर्दी "चला चला" करतेय. तो टप्पा संपल्यावर वाटतं झालं, तर नाही, पुढे टेकड्या चढायच्या उतरायच्या, कारवीत कोॲक्सची गुंडाळी अडकते, आणि देऊळ काही येतच नाही. बॅटरी माझ्या सॅकमध्ये होती, अजून खांदा दुखतोय. पाचनईने अडीच तासात वर, विषय संपला.

आता एवढा उपद्व्याप कशासाठी. सपाट जमिनीवर २० मीटर बँडचा डायपोल (मध्यावर केबल जोडलेली तारेची साधी अँटेना) ६ मीटरवर टांगला तर सिग्नलचा मुख्य झोत साधारण ६० अंशावर जातो, म्हणजे जवळजवळ डोक्यावर. युरोपला लागतात त्या ३-५-१० अंशाच्या वाटा. ३ अंशाला सपाट जमीन तुमचा सिग्नल मोकळ्या अवकाशातल्यापेक्षा १४ डीबीपेक्षाही जास्त खाली पाडते, म्हणजे पंचविसाव्या हिश्शाहूनही कमी. समोर उतार किंवा कडा असेल तर हा तोटा बराचसा भरून निघतो, आणि अँटेना उंच न करता उंच केल्यासारखी वागते. हे आधी काढून बघायला एचएफटीए नावाचं सॉफ्टवेअर आहे, डीन स्ट्रॉ (कॉलसाइन एन६बीव्ही) यांचं. एका दिशेचा जमिनीचा प्रोफाइल द्यायचा, ते किरण सोडून परावर्तन-विवर्तन मोजून कुठल्या कोनाला किती गेन (सिग्नलचा जोर) ते सांगतं. फक्त आडव्या अँटेनांसाठी आहे हं, व्हर्टिकलवाल्यांनी त्याचे ग्राफ दाखवू नयेत.

मी एसआरटीएमचा (अवकाशातून रडारने मोजलेल्या जमिनीच्या उंचीचा) डेटा घातला आणि कोकणकड्याचा ग्राफ असा आला की रात्रभर झोप नाही. कमी कोनांना गेनचा नुसता डोंगर. प्रत्यक्षात त्याच्या निम्माही फायदा मिळाला नाही.

कारण काय ते जाणाऱ्यांनी नीट समजून घ्या, मला कुणी सांगितलं नव्हतं. ६ मीटरच्या अँटेनाचा ५ अंशाचा किरण जमिनीवर आपटतो तो जेमतेम ७० मीटरवर. एसआरटीएमचा ठिपका आहे ३० मीटरचा. म्हणजे तुमचं नशीब दोन-तीन ठिपक्यांवर ठरतंय! वर त्या डेटाची ठरवलेली उंचीची अचूकता १६ मीटर, आणि अँटेनाच ६ मीटरवर. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर शटलने ११ दिवसात पृथ्वीवरची सुमारे ८० टक्के जमीन मोजली, मोठंच काम आहे, पण सह्याद्रीच्या उभ्या कड्यांवर रडारची सावली पडते, तिथे खड्डे राहतात आणि मग ते आजूबाजूच्या आकड्यांवरून बुजवतात. झाडी असेल तर उंचीत झाडीही मिसळते. आणि कोकणकडा तर आत वळलेला, बाहेर झुकलेला कडा. एका जागी एकच उंची लिहिणाऱ्या तक्त्यात तो मावणारच नाही. डेटात कडा पुसट होऊन दोन-तीन ठिपक्यांवर पसरतो, मॉडेलला वाटतं मास्ट उतारावर उभा आहे. प्रत्यक्षात तो सपाट कातळावर आहे, धार पुढे आहे आणि वारा बघता अगदी धारेला मास्ट लावायला कुणी जाऊही नये.

दुसरं म्हणजे दिशा. कड्याचं तोंड पश्चिमेला. इथून लंडन साधारण ३१९ अंशावर, रिओ २५४ वर. म्हणजे युरोपला कडा तिरका पडतो, ब्राझीलला बऱ्यापैकी समोर. "कोकणकडा म्हणजे युरोप" हे सांगणाऱ्याने होकायंत्र काढलेलं नाही. शिवाय कडा अर्धगोल वाडग्यासारखा, बाजूच्या भिंतींवरून काय येतं ते एचएफटीए बघतच नाही, ते एका रेषेतच चालतं.

आम्ही दोघांनी एकसारखे दोन डायपोल लावले, एक धारेपासून सुरक्षित अंतर ठेवून, एक देवळाजवळच्या सपाटीत (देवळाला दोरी बांधायची नाही, एकालाही नाही), दोन्हीवर २०० मिलीवॅट डब्ल्यूएसपीआर (ठरल्या वेळी आपोआप जाणारा छोटा संदेश, तो ऐकणारी स्टेशनं नेटवर रिपोर्ट टाकतात), वेळ जीपीएसवरून कारण मोबाईलला रेंज नसते. घरी येऊन रिपोर्ट जुळवले. कड्याकडचा पुढे होता, नक्की होता, पण ग्राफमध्ये दाखवला तेवढा अजिबात नाही. वर चांगलं ऐकू येतं म्हणून लोक कड्याला श्रेय देतात, त्यात मोठा वाटा शांततेचा आहे, एलईडी आणि चार्जरची खरखर नाही.

मग करायचं काय? पहिले दीडशे मीटर स्वतः मोजा. दोरी किंवा पावलं, फोनवर लेव्हल ॲप, धार नेमकी किती अंतरावर आणि तिथवर जमीन चढतेय की उतरतेय. प्रोफाइलची फाईल साधी टेक्स्ट असते, अंतर आणि उंची, नोटपॅडमध्ये उघडून सुरुवातीच्या ओळी आपल्या मापांनी बदला, पुढचं कोकणातलं एसआरटीएमचंच राहू दे. मी परत आल्यावर तसं केलं तर ग्राफ रिपोर्टच्या बराच जवळ आला. इस्रोच्या भुवन संकेतस्थळावरचा कार्टोडेम हा उंचीचा डेटाही घेऊन बघा, दोन डेटा धारेजवळ एकमेकांशी भांडायला लागले की समजा दोघांवर विश्वास नको.

२ मीटर बँडवाल्यांना मात्र काळजी नाही, तिथे सिग्नल साधारण नजरेच्या रेषेत जातो. सुमारे १४०० मीटरवरून रेडिओ क्षितिज दीडशे किलोमीटर, मुंबई शंभरच्या आसपास. रेडिओ मोबाईल या सॉफ्टवेअरने नकाशावर दाखवलेला सिग्नलचा रंग आणि हातातल्या पाच वॅटच्या सेटवरचे रिपोर्ट जवळजवळ जुळले. तिथे निकाल किलोमीटरच्या हिशोबात लागतो, ३० मीटरचा ठिपका रग्गड.

गुहा, सूर्यास्त वगैरे छान होतं. इंद्रवज्र (धुक्यावरचं गोल इंद्रधनुष्य) दिसलं नाही.

कातळात पेग जात नाहीत, गाय रोप (मास्टला ताणून धरणाऱ्या दोऱ्या) दगडांना बांधा आणि त्यावर पांढरी पट्टी लावा, अंधारात लोक धारेकडे बिनधास्त फिरतात आणि दोरीत पाय अडकला तर काय होईल ते सांगायला नको. रेडिओ लायसन्सची प्रत जवळ ठेवा, आम्हाला "हे काय, ड्रोनचं का" असं विचारलं गेलं.

उतरलो पाचनईला. तिथून राजूरपर्यंतच्या जीपवाल्याने माणशी भाडं ठरवलं, आणि राजूरला उतरल्यावर "ती नळी" वेगळी धरून चारशे जास्तीचे मागितले. अर्धा तास वाद घातला, दोनशेवर तुटलं. नळी मांडीवर होती हो! बसायच्या आधीच सामानासकट किती ते बोलून घ्या, आणि पोल सॅकमध्ये मावेल असा छोटाच घ्या.